सोबत आई पाहिजे

परिवर्तन हा सृष्टीचा नियम आहे आणि जो परिवर्तन स्वीकारत नाही त्याला काळ स्वीकारत नाही. हे वाक्य मी नोकरीच्या काळात इतक्या व्यासपीठांवरून म्हटलं आहे की ते मुळात दुसऱ्या कुणाचं असलं तरी त्यानं आता ते मागायला येऊ नये. नांदेडमध्ये महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसाला वर्षभर कुठून ना कुठून पाहुणा म्हणून बोलावणं असतंच. महिला दिन असो, वाचनालयाचा वर्धापन दिन असो की एखाद्या पतसंस्थेच्या नव्या जागेचं उद्घाटन असो, पाच-सात मिनिटांत मी परिवर्तनावर यायचो. टाळ्या पडायच्या. मग शाल आणि नारळ. नारळ घरात खपून जायचा. शालींचं काय करायचं हे मात्र अजून ठरलेलं नाही.

एवढं सगळं बोलून घरी आलो की मी त्याच खुर्चीत बसून, त्याच कपातून, तेवढ्याच साखरेचा चहा प्यायचो. सृष्टीचा नियम आमच्या दाराबाहेर चप्पल काढून थांबत असे.

बायको गेल्यावर तो आत आला. मी वरण-भात करायला शिकलो, मग पिठलं, मग दोन-तीन भाज्या. भाकरी खानावळीतून आणायचो. एकट्या माणसाला हे पुरतं. मलाही पुरत होतं, आणि उरलेलं आयुष्य असंच थोडंसं अळणी पण वेळेवर जाईल, अशी माझी समजूत होती.

मग एका दिवाळीत माझी लेक बॅंकेत शाखाधिकारी झाली आणि तिची बदली धर्माबादला झाली. तिच्या बरोबरीच्या पुरुषांना ही बढती बरीच आधी मिळाली होती. त्याच दिवाळीत तिची मुलगी, माझी नात, लातूरच्या वसतिगृहातून कावीळ घेऊन घरी आली. नात तिथं वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करत होती. डॉक्टर म्हणाले, परीक्षा द्यायची असेल तर बाहेरचं अन्न बंद. लातुरात यावर ठरलेला उपाय आहे. आई गाव सोडते, शिकवणीच्या भागात एक खोली घेते आणि परीक्षा होईपर्यंत लेकराला रांधून घालते. त्या भागात अशा आया घराघरांत सापडतात. निकालानंतर फलकांवर पोरांचे फोटो लागतात. आयांचे लागत नाहीत, कारण फोटोच्या वेळी त्या स्वयंपाक करत असतात.

जावई लोह्याला शाळेत मास्तर. त्यांची आई अर्धांगवायूनं पडून आहे आणि तिचं सगळं तेच करतात, त्यामुळे त्यांना हलता येत नव्हतं. राहता राहिली माझी लेक. तिनं बढती नाकारण्याचा अर्ज लिहायला घेतला. ती रडत बिडत नव्हती. फक्त "दरखास्तीवर कोणती तारीख घालू?" असं तिनं मला विचारलं. मराठीचा प्राध्यापक म्हणून माझा मसुद्याशी संबंध होता.

मी म्हणालो, मी जातो लातूरला.

लेकीनं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "बाबा, तुम्हाला भाकरी येते?"

मी म्हणालो, येईल.

नांदेडहून लातूरला एसटीनं जाताना लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावं लागतात आणि प्रत्येक थांब्यावर एकदा तरी आपण कशासाठी चाललोय असा विचार करायला वेळ मिळतो. नात शेजारच्या सीटवर जीवशास्त्राचं पुस्तक मांडीवर घेऊन झोपली होती. चाकूरला मी ठरवलं की हे सोपं आहे. लातुरात उतरल्यावर कळलं की खोलीच मिळत नाही. मुलीसोबत पुरुष म्हटलं की घरमालक आजोबांकडंही संशयानं बघत होते. शेवटी एका गल्लीत, दोन मजली घराच्या फाटकावर, हातानं रंगवलेली पाटी दिसली: खोली भाड्याने देणे आहे. सोबत आई पाहिजे.

घराच्या मालकीणबाईंना सगळे अक्का म्हणत. लिंगायत, साठीच्या पुढच्या, गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि त्याखाली मोठं कुंकू. त्यांच्या यजमानांचं दाळीच्या आडतीचं दुकान होतं, पण घरातले निर्णय अक्का घेत आणि यजमान ते दुकानात बसून मान्य करत. दहा खोल्या होत्या, रिकामी एक सोडून प्रत्येकीत एक लेकरू आणि एक आई. वडिलांनी रविवारी यायचं आणि दिवेलागणीच्या आत परतायचं, असा नियम.

मी सगळी हकीकत सांगितली. भाषणाचा सूर येऊ दिला नाही. अक्कांनी नातीच्या पिवळट डोळ्यांकडं पाहिलं आणि मला विचारलं, "सैपाक तुमी करणार?"

मी हो म्हणालो.

"आन् बायांनी गच्चीवर केस वाळवायचे कधी?"

स्त्रीमुक्तीवर मी पुष्कळ बोललो होतो, पण त्यात केस वाळवण्याचा मुद्दा आला नव्हता.

अक्का म्हणाल्या, "संक्रांतीपर्यंत ऱ्हावा. बायांना जड गेलं तर मी न्हाई म्हननार, मग राग मानू नगा." म्हणजे संक्रांतीला मी नापास झालो असतो तर लेकीला बढती सोडून लातुरात यावं लागलं असतं. तिचा अर्ज तारखेविना तसाच लोह्याला घरी कपाटात ठेवलेला होता. मी फोनवर तिला सांगितलं, खोली मिळाली. संक्रांतीचं सांगितलं नाही. नातीनं मात्र सांगितलं.

पहिले काही दिवस भाकरीत गेले. ज्वारीचं पीठ मी मळत होतो आणि ते मला ओळखत नव्हतं. थापलेल्या भाकरीला महाराष्ट्राच्या नकाशासारखे सगळ्या बाजूंनी कोपरे यायचे, फक्त कोकण गळून पडायचं. शेजारच्या खोलीत चाकूरच्या काकू राहत. ही बाई माझ्यापेक्षा बरीच लहान, पण काकू हे त्यांचं पद होतं, वय नव्हे. दुसऱ्या मुलासाठी त्या लातुरात होत्या. पहिला इथूनच डॉक्टर व्हायला गेला होता. एक दिवस दारातून त्यांनी माझी भाकरी पाहिली आणि म्हणाल्या, "सर, पानी ऊन घ्या. थंड पान्यात पीठ रुसतं." मग त्यांनी दोन भाकऱ्या थापून दाखवल्या. मला वाटलं होतं त्या हसतील. त्यांना घाई होती.

भाकरी हळूहळू जमली. नातीचे डोळे पांढरे होत आले. ती जेवताना काही बोलायची नाही, पण एकदा फोनवर मैत्रिणीला "आबांची भाकरी आता गिळता येते" असं सांगताना मी ऐकलं. माझ्या निवृत्तीच्या मानपत्रात एवढं नेमकं वाक्य एकही नव्हतं.

घर मात्र जमत नव्हतं. आमच्याकडं खेड्यात जुन्या वळणाचा माणूस बायका असतील तिथं खाकरल्याशिवाय जात नाही. सासरा अंगणात येताना खाकरतो, थोरला दीर खाकरतो, मग सुना पदर सावरतात. माझं लहानपण असं खाकरणाऱ्या माणसांत गेलं. त्यामुळे जिना चढताना मी खाकरायचो, गच्चीच्या दाराशी खाकरायचो, अंगणातल्या नळावर जायच्या आधी दोनदा खाकरायचो. मला वाटत होतं, मी किती सभ्य माणूस आहे हे न बोलता कळतंय.

आठवडाभरात माझ्या दाराशी काढा आला. तुळस, आलं, मिरे. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या खोलीतल्या निलंग्याच्या ताईंनी ओवा भाजून पुरचुंडीत बांधून दिला. मी शिष्टाचार म्हणून दोन्ही घेतलं. त्यानंतर अक्का स्वतः वर आल्या. उंबऱ्याबाहेरच थांबून त्या म्हणाल्या की राग मानू नका, पण घरात दहा लेकरं परीक्षेची आहेत, एकाला खोकला लागला की सगळ्यांना लागणार. दवाखान्यात दाखवून या, नाहीतर मला विचार करावा लागेल.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सभ्यतेमुळे माझी खोली जायची वेळ आली आहे. मी घसा साफ केला, त्यानं प्रकरण आणखी बिघडलं, आणि मग मी खरं काय ते सांगितलं. चाकूरच्या काकू आपल्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांनी ताट खाली ठेवलं.

"म्हंजे तुमी सासरे म्हनून खाकरत होता व्हय?" त्या म्हणाल्या. "अवो सर, सासरे हायती की गावाकडं. इथं येऊन त्येवढीच तर सुट्टी भेटली. इथं नगा खाकरू."

मग मी जिन्यात कसं यायचं, असं मी विचारलं.

"मानसासारखं या," काकू म्हणाल्या.

त्यानंतर मी खाकरलो नाही. पहिले दोन-तीन दिवस कुणी पदर सावरला, कुणी तोंड फिरवलं. मग तेही थांबलं. एका दुपारी मी गच्चीवर मिरच्या वाळत घालायला गेलो तर उन्हात केस मोकळे सोडून बसलेल्या आयांपैकी एकीनंही वळून पाहिलं नाही. गेल्या कित्येक वर्षांत मी कुठं गेलो आणि कुणी उठून उभं राहिलं नाही, असं झालं नव्हतं. मला ते इतकं आवडलं की मिरच्या पसरून झाल्या तरी मी तिथंच रेंगाळलो, आणि मेथी निवडायच्या कामाला लावला गेलो.

येळवशीला घर रिकामं झालं. त्या अमावास्येला लातूरकडचा माणूस शहरात सापडत नाही, शेतात जेवायला जातो. काकू परत आल्या त्या दाणे-पालेभाज्यांच्या भज्जीचं पातेलं आणि आंबिलाची बरणी घेऊन. नातीला आंबट चालणार नाही म्हणून तिच्या वाट्याचं आंबिल मला पिणं भाग पडलं. सगळं सुरळीत चाललं होतं. अशा वेळी आमच्याकडं हमखास सत्कार होतो.

माझा एक जुना विद्यार्थी लातुरात समाजकार्य करतो. म्हणजे नेमकं काय करतो हे मला माहीत नाही, पण त्याच्या गाडीत शाली कायम असतात. सर लातुरात नातीसाठी भाकऱ्या थापतात ही बातमी त्याला कुठून तरी कळली. एके सकाळी तो चार-पाच कार्यकर्ते आणि एक फोटोवाला घेऊन थेट जिना चढून वर आला. माझ्या दोन्ही हातांना पीठ होतं, तव्यावर भाकरी होती. त्यानं तशीच माझ्या अंगावर शाल टाकली, पिठाच्या हातात नारळ दिला आणि जिन्याच्या कठड्यापाशी उभं राहून बोलायला सुरुवात केली. सरांनी त्यागाचा नवा आदर्श समाजासमोर ठेवला आहे. सर हे चालतंबोलतं परिवर्तन आहेत. ते वाक्य कुठून आलं हे मला माहीत होतं, त्यामुळे मी त्याला दोष देऊ शकलो नाही. बाकीच्या नऊ दारांमध्ये आया उभ्या राहून ऐकत होत्या. एकीच्या हातात लाटणं होतं.

भाकरी जळली. तो वास आल्यावर भाषण संपलं. मंडळींना सोडायला खाली उतरलो तर फाटकात अक्का उभ्या होत्या. त्यांनी त्यांना काही म्हटलं नाही. मला म्हणाल्या, "सर, म्या घर भाड्यानं दिलंया. सभागृह दिलं न्हाई."

मी माफी मागितली. वर आलो तर चाकूरच्या काकू अजून दारातच होत्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

"दोन लेकरांच्या पायी किती साल भाकऱ्या थापायले मी. आमच्याकडं नारळ घेऊन कसं कुनी येत न्हाई हो?"

मी त्यांना नारळ दिला. त्यांनी तो घेतला, हलवून पाणी आहे की नाही ते पाहिलं, आणि संध्याकाळी सगळ्या खोल्यांत वाटी-वाटी चटणी आली. चटणी चांगली होती. पण मला दिसत होतं की अक्कांचं मन फिरलं आहे. त्या आता मला बघून नुसती मान हलवत. संक्रांत जवळ आली होती आणि मी आलो तेव्हाचा त्यांचा शब्द मला आठवत होता. लेकीनं धर्माबादेत नुकतंच घर लावलं होतं. ती फोनवर बॅंकेतल्या गोष्टी सांगायची. तिकडचे हळद-मिरचीचे व्यापारी पहिल्या दिवशी "साहेब कुठायत?" असं तिलाच विचारत होते, आता मॅडम चहा घ्या म्हणतात, वगैरे. तिचा आवाज बदलला होता. फोन ठेवताना ती हटकून विचारायची, "अक्का काय म्हणतात?"

मी सांगायचो, अक्का बऱ्या आहेत.

संक्रांतीनंतरच्या एका दुपारी अक्कांकडं हळदीकुंकू होतं. दरवर्षी त्या घरातल्या सगळ्या आयांना वाण देत. या समारंभात आपण नसावं हे सांगायला शास्त्राची गरज नव्हती. नात शिकवणीला गेली होती. मी सदरा बदलला आणि खाली उतरलो. फाटकापाशी देगलूरच्या ताई भेटल्या. कोपऱ्यातल्या खोलीत त्या मुलाबरोबर राहत आणि फावल्या वेळात शिवणकाम करत. त्या मोजकंच बोलत, त्यातही मध्येच तेलुगू शब्द यायचा. त्यांच्या यजमानांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. गच्चीवरही त्या भिंतीकडेला बसत.

कुठं निघालात, असं मी विचारलं. भाजी आणायला, त्या म्हणाल्या. त्यांच्या हातात पिशवी नव्हती.

तुम्ही, असं त्यांनी विचारलं. मीही भाजीच म्हणालो. माझ्याही हातात पिशवी नव्हती.

आम्ही दोघं तिथं थोडे घुटमळलो. त्या म्हणाल्या, मागच्या वर्षी पण गेले होते, बाजारात दोन चकरा मारल्या की होतं सगळं. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस आला तर आडोसा कुठं आहे हे सांगावं, तसं त्यांनी ते सांगितलं. आणि तिथं उभं असताना एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्यांचा नवरा गेला होता तशी माझी बायको गेली होती. पण बायको गेली म्हणून मला आजवर कुणी कुठल्या मांडवातून उठवलं नव्हतं. उलट त्यानंतर शाली वाढल्या होत्या. मी आज बाहेर चाललो होतो तो पुरुष म्हणून. त्या चालल्या होत्या त्या कशासाठी, याला मात्र चांगलं कारण मला सापडेना.

मी हे कुणाला तरी सांगायलाच हवं असं ठरवलं. विषय माझा होता. सुरुवात कुठून करायची, उदाहरण कोणतं द्यायचं, सगळं डोक्यात जुळायला लागलं. तेवढ्यात ओसरीवरून हाक आली. चाकूरच्या काकू कठड्यावरून वाकल्या होत्या. अक्कांनी मला बोलावलं होतं. देगलूरच्या ताई फाटकाची कडी काढत होत्या. काकूंनी त्यांनाही हाक मारली, "तूबी थांब गं जरा."

अक्कांच्या ओसरीवर सगळ्या आया काठापदराच्या साड्या नेसून बसल्या होत्या. तिळगुळाचं ताट, हळदीकुंकवाची कोयरी, आणि अक्कांच्या भाच्याच्या दुकानातून आलेल्या एका मोठ्या खोक्यात वाण. मी दाराशी उभा राहिलो. देगलूरच्या ताई माझ्या मागं, अर्ध्या पायरीवर.

अक्कांचा चेहरा निर्णय द्यायच्या आधीचा होता. त्या म्हणाल्या की खोल्या दहा, म्हणून वाणं दहा आणली, असं दरसाल आणते. आता बाया म्हणतात की सरांनाबी द्या, त्ये आईच्या जागी राहून करायलेत. "म्या म्हनलं, बाप्याला वान दिल्यालं कुटं ऐकलंय का? तर ह्या म्हनत्यात, बाप्या लेकराला रांधून घालतोय हे तरी कुटं ऐकलं होतं."

बायका हसल्या. माझं भाषण तयार होतं. मी बोलायला तोंड उघडलं.

चाकूरच्या काकूंनी माझ्या आधी सुरुवात केली. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. तांदूळ निवडताना खडा सापडावा तसं त्या बोलल्या.

"अक्का, सरांची मालकीन गेल्याली हाय. हिचा मालक गेल्याला हाय. सरांना वान चालतंय म्हनल्यावर हिनं बाजारात का फिरावं?"

निलंग्याच्या ताईंनी उगीच तिळगुळाचं ताट सरकवलं. अक्कांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि त्या खोक्याकडं पाहत राहिल्या. मला वाटलं, आता त्या मला आणि ताईंना दोघांनाही भाजी आणायला पाठवणार. माझी खोली, लेकीची बढती, कपाटातला तो तारीख नसलेला अर्ज, सगळं त्या खोक्यात होतं आणि अक्कांची नजर तिथून हलत नव्हती.

"बरूबर हाय," अक्का म्हणाल्या. "ह्येला चालतंय तर तिला काय झालं?"

एवढंच. कुठलंही तत्त्व मांडलं गेलं नाही. देगलूरच्या ताई आत आल्या आणि भिंतीकडेला बसायला निघाल्या, तर काकूंनी त्यांना हाताला धरून मधे बसवलं. अक्का कोयरी आणि विभूतीची डबी घेऊन त्यांच्यापुढं थांबल्या. आमच्यात इबूत सगळ्यांना लागती, त्या म्हणाल्या, इबूत लावू का हळदकुंकू लावू, तू सांग.

ताईंनी मान वर केली नाही. "हळदबी लावा, कुंकूबी लावा," त्या म्हणाल्या. "आन् इबूतबी लावा."

अक्कांनी तिन्ही लावलं. बोट जरा जास्तच बुडवलं होतं, कुंकू नाकावर सांडलं. कुणीतरी पदरानं पुसलं. मग मला विभूती लावली, हातावर तिळगूळ ठेवला आणि वाण दिलं. शालीसाठी झुकतो तसा मी सवयीनं झुकलो, तर अक्का म्हणाल्या, "सरळ उभं ऱ्हावा, सांडंल." वाण म्हणजे झाकणाचा प्लास्टिकचा डबा होता, गुलाबी. सगळ्यांना गुलाबीच.

मी धीर करून विचारलं, "अक्का, खोलीचं काय ठरवलंत?"

"वान घेतलं न्हवं आईचं?" त्या म्हणाल्या. "मग कसली खोली इचारता? परीक्षा होईस्तर ऱ्हावा. फकस्त त्यो शालीवाला परत आननार असाल तर सांगून आना."

वर येऊन मी लेकीला फोन केला. संक्रांतीची अट तिला माहीत आहे हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिला. त्यामुळे आम्ही त्याबद्दल काही बोललो नाही. मी म्हणालो, अक्कांनी वाण दिलं. मग तिच्या मागं कुणीतरी मॅडम म्हणून हाक मारली. ती म्हणाली, "बाबा, तो अर्ज फाडून टाकायला ह्यांना सांगते," आणि कामाला गेली.

मी थोडा वेळ खाटेवर बसलो. बाहेर जिन्यात बायकांचा आवाज होता, त्यात देगलूरच्या ताईंचाही होता. नेहमीपेक्षा मोठा होता आणि सगळा तेलुगूत होता, बहुधा त्या माहेरी फोनवर सांगत होत्या. मला वाटलं, जे मी आयुष्यभर बोलत आलो ते आज आपल्या डोळ्यांसमोर, एका ओसरीवर, कुणाचंही भाषण न होता घडलं. हे कुठंतरी लिहून ठेवायला हवं, अशा योग्यतेचं एक गंभीर वाक्य मनात तयार होऊ लागलं.

ते तयार होईपर्यंत नातीसाठी तिळगूळ ठेवावा म्हणून मी वाणाचा डबा उघडला, तिळगूळ आत ठेवला आणि झाकण लावलं. लागेना. फिरवून पाहिलं, दाबून पाहिलं. मला शंका आली की शेवटी पुरुष म्हणून मला सदोष डबा दिला असावा. काकूंकडं विचारायला गेलो तर त्या डबा मांडीत धरून दोन्ही हातांनी झाकण दाबत होत्या. देगलूरच्या ताईंनी आपल्या डब्यात दोऱ्याची रिळं आणि बटणं ठेवून वर वही ठेवली होती. अक्कांच्या भाच्याच्या दुकानातून आलेल्या त्या डब्यांपैकी एकाचंही झाकण बसत नव्हतं.